धुतलेला व्हॉल्व्ह

बुधवारी मोठ्या चौकात गाडी बंद पडली, तेव्हा मागे वन्सं चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. आम्ही त्यांना डायलिसिसला नेत होतो. सिग्नल लाल झाला, ह्यांनी पाय उचलला, आणि इंजिन दोन-चार वेळा थरथरून गप्प झालं. पुढच्या दोन सिग्नलना तेच. मागून हॉर्नवर हॉर्न, पुढे ह्यांची चावीशी झटापट. पोचलो तेव्हा ठरल्या वेळेवर तास उलटून गेला होता. त्या मशीनवर पुढचा माणूस ठरलेला. वन्संच्या चार तासांतले तीनच हाती लागले.

गुरुवारी सकाळी त्यांचे पाय सुजले होते आणि आडवं झालं की धाप लागत होती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "उद्या सातला पाहिजेत. एक मिनिटही कमी करता येणार नाही."

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. मांडीत सळई घातल्यापासून त्यांचा गुडघा वाकत नाही, म्हणून ह्यांनी आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या सीटा काढून फळीचा उतार केलाय. खुर्ची सरळ आत ढकलायची आणि पट्टे आवळायचे. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसवायचं म्हणजे नुसत्या कळा.

दोष कुठे आहे ते मिस्त्रींनी तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं. पाय उचलला की इंजिनाला जगण्यापुरती हवा सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आयडलचा. आतली झडप झिजून काजळीत अडकली होती. नवा मिळेना. दुकानदार गाडीचं मॉडेल ऐकूनच हसायचे. "साहेब, हिचे सुटे भाग आता फोटोतच बघायचे."

गुरुवारी दुपारी हे आले ते हातात कागदाचं पुडकं नाचवत. भंगारवाल्याकडे आमच्याच व्हॅनची जुळी बहीण सापडली होती. पुढून चेपलेली, पण व्हॉल्व्ह शाबूत.

"मिस्त्रीला घेऊन येतो," म्हणाले, पुडकं ओट्यावर ठेवलं आणि गेले.

आता माझा एक नेम आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय ओट्यावर राहत नाही. वन्संना जंतू लागू नयेत म्हणून सुरू झालं आणि अंगवळणी पडलं. वन्सं चिडवतात, "वहिनी साबणसुद्धा धुऊन वापरते." मी पुडकं सोडलं. आत मुठीएवढा काळाकुट्ट तुकडा, वर काजळी आणि तेलाचा चिकटा. मी गरम पाणी काढलं, भांड्यांचा साबण घेतला, जुन्या टूथब्रशने कानाकोपरा घासला, तोंडातून पाणी भरून खळखळ हलवून ओतलं. चार वेळा. मग फडक्याने पुसून खिडकीत उन्हात ठेवला. कसा लखलखीत दिसत होता! त्याच्याकडे बघून मी मनातल्या मनात हातसुद्धा जोडले.

तासाभराने हे मिस्त्रींना घेऊन आले.

"अरे वा! पुसलास होय?"

"हो," मी म्हटलं. पुसला तर होताच.

मिस्त्रींनी तो हातात फिरवला. "झकास. पाणी नाही ना लावलं? ह्याच्या डोक्यात कॉइल आहे. ओली झाली की आज चालेल, उद्या राम म्हणेल."

"छे हो! हिने नुसतं फडकं फिरवलंय," हेच म्हणाले.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही.

दुसरा नेम सांगायचा राहिला. वन्संचं डायलिसिस सुरू झालं त्या दिवसापासून, चार वर्षं, रोज अंघोळ झाली की ओंजळीत पाणी धरून म्हणते, आज माझ्या तोंडून खोटं जाणार नाही. बदल्यात त्यांचा एक एक दिवस मागते. मी स्वतःशी घोळवत राहिले. खोटं मी कुठे बोलले? जे बोलले ते हे बोलले. ह्यांना तर ठाऊकच नव्हतं. मग ते खोटं कुणाच्या खाती?

तोवर मिस्त्रींनी बॉनेट उघडून जुना व्हॉल्व्ह काढला, पत्र्याच्या ताटलीत टाकला, नवा रबरी वायसर घालून हा बसवला, दोन बोल्ट आवळले, वायरीचा चाप खटकन लावला. ह्यांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. पाय काढला. इंजिनाचा जोर उतरला, थबकला आणि तिथेच राहिला. असा एकसारखा आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"ऐकतेस का गं!" हे खाली उतरून घराकडे बघत ओरडले. खिडकीतून वन्संनी धापा टाकत हात हलवला.

चालत होता की! मग कशाला सांगायचं? ह्यांचा चेहरा तीन आठवड्यांनी उजळला होता. पण आज चालेल, उद्या राम म्हणेल. आणि उद्या मागे वन्सं असणार, छातीत पाणी घेऊन, चौकाच्या मधोमध.

मी अंगणात गेले. "अहो, मी तो धुतला."

कुणी वळलंही नाही. माझा आवाज मुळात बारीक, त्यात इंजिन. मिस्त्री पाने पुसून पिशवीत भरत होते. आणि खरं सांगते, मला क्षणभर हायसं वाटलं. मी बोलले होते. देवाने ऐकलं होतं. माणसांनी नाही ऐकलं, त्याला मी काय करू?

मिस्त्रींनी पिशवीची चेन ओढली.

आजवर त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटला मी हात लावला नव्हता. दार उघडून आत वाकले आणि चावी बंद केली.

"अगं, काय करतेस?"

"मी तो धुतला. साबणाने. आतून पाणी खळखळवलं. चार वेळा."

सगळं शांत होतं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू गेला.

"आणि आत्ता सांगतेस?" ह्यांच्या गळ्याची शीर तट्ट फुगली. "ते विचारत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"चालतोय ना, राहू दे..." मग हेच स्वतःशी पुटपुटले आणि मिस्त्रींकडे बघत राहिले.

मिस्त्रींनी पिशवीची चेन पुन्हा उघडली. व्हॉल्व्ह काढला, डोक्याचे तीन बारीक स्क्रू फिरवले, टोपण उचललं. आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये साबणाचं पांढुरकं पाणी साचलेलं. त्यांनी ते हळूच बोटावर घेऊन ह्यांना दाखवलं.

"वहिनींनी भांडं मात्र मन लावून घासलंय."

मला हसू आलं नाही. ह्यांनी कपाळाला हात लावला. "संपलं. दुसरा कुठून आणू आता?"

मिस्त्री ताटलीतला जुना व्हॉल्व्ह उलटापालटा करत होते. "झडप कशाची मेली होती? ह्याची. कॉइल कुठे मेली होती?" त्यांनी त्याचंही डोकं उघडलं, मीटरच्या दोन सुया टेकवल्या, काटा हलला. "जिवंत आहे. धड भंगारातलं, डोकं तुमचं."

दोन्ही सुट्या भागांना त्यांनी साफ करायचा स्प्रे मारला, वाळू दिले, जोडले. संध्याकाळचा दिवा लावायची वेळ टळून गेली तरी मी जागची हलले नाही. गाडी अर्धा तास उभ्या जागी चालवली. जेवताना ह्यांनी फक्त पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

शुक्रवारी साडेसहाला निघालो. आदल्या रात्री वन्सं बसूनच झोपल्या होत्या, ओठ निळसर. मोठा चौक आला आणि सिग्नल नेमका लाल झाला. ह्यांनी पाय उचलला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा घसरला, आणखी घसरला. मी मागे हात नेऊन वन्संच्या खुर्चीचा दांडा मुठीत आवळला. काटा एकदा थरथरला आणि थांबला. इंजिन बारीक आवाजात चालू राहिलं.

समोरचे आकडे उलटे उतरत होते. बेचाळीस. एकेचाळीस.

"वहिनी," मागून वन्संचा दमलेला आवाज आला, "गाडी श्वास घेतेय. तूही घे."