गाण्याखालचे नाव

शाहिंदाच्या प्रबंधात मृत्यूची गाणी होती. नाईलच्या वरच्या खोऱ्यात, आमच्या सईदमध्ये, मयताभोवती बसून बायका म्हणतात ती. कूस शहराजवळच्या एका गावात एकाच म्हातारीच्या तोंडून तिने ती उतरवून घेतली होती, आणि त्या म्हातारीचे नाव तिला तळटीपेत लिहायचे होते. तेवढ्यावर तिची पदवी अडली होती.

विद्यापीठाचा नियम स्पष्ट होता: तोंडी साधनाखाली सांगणाऱ्याचे संपूर्ण नाव, वय, गाव, ऐकल्याची तारीख. गावाचा नियम त्याहून जुना होता: पुरुषाने आपल्या आईचे नाव चारचौघांत काढायचे नाही. म्हणून ती म्हातारी फक्त मुलाच्या नावाने कुरैशीची आई, 'उम्म कुरैशी'. मक्केहून परतल्यावर 'हज्जा'. शाळेत ज्या मुलाच्या आईचे नाव फुटते, त्याला मारामाऱ्या कराव्या लागतात.

"फातिमा मुहम्मद लिही आणि मोकळी हो," आमच्या वाचनालयातला तामिर तिला म्हणाला. "अर्धं सईद फातिमा मुहम्मद आहे. कोण जातंय शोधायला?"

"मी जाईन," शाहिंदा म्हणाली. "म्हातारपणी मीच जाईन, आणि मला ती सापडणार नाही."

मला तिचे हेच विलक्षण वाटे. एका पृष्ठक्रमांकासाठी तिला कैरोच्या उन्हात शहर ओलांडताना मी पाहिले होते. जे पुस्तक हातात घेतले नाही, त्याला तिने संदर्भसूचीत कधी बसू दिले नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत उभ्या असलेल्या ओळी मी ओलांडून जाई. तिला त्या पुरानंतर मागे राहणाऱ्या गाळासारख्या वाटत. वरचे सारे पीक त्याच्यावरच.

ऊसतोडीच्या दिवसांत आम्ही दोघी गावी गेलो. कुरैशी कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. त्याने काळा, दाट चहा पुढे केला आणि शाहिंदाने विचारण्याआधीच उत्तर दिले.

"डॉक्टर बाई, या घरात जेवण मागा, जागा मागा, माझं डोकं मागा, देतो. नाव नाही. उद्या तुमच्या पुस्तकाचं पान फाटणार, कैरोतला कुणी त्यात भोपळ्याच्या बिया बांधून विकणार. माझ्या आईच्या नावात बिया!"

"ठीक आहे," शाहिंदा म्हणाली. "मग मी ते प्रकरण काढून टाकते. नाव न सांगता गाणी घेतली, तर ती मी उचलल्यासारखी होतील."

ते प्रकरण म्हणजेच प्रबंध होता. तिच्या आवाजात धमकी नव्हती, दुःखही नव्हते. एखादे दार हळूच लोटून घ्यावे तसा तो आवाज होता.

कोपऱ्यात भाकरीचे पीठ मळत असलेल्या हज्जाचे हात थांबले. "काढून टाकते म्हणजे? मी घसा कोरडा केला, तो काय बकरीसाठी? त्या आधीच्या साहेबानं तरी छापली म्हणे."

"कोण साहेब?" कुरैशीने विचारले.

"विजेचे खांब आले ना, त्या साली आलेला. आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन. तू तेव्हा उघडाच फिरायचास."

ते पुस्तक शाहिंदाच्या पिशवीत होते. ती क्षणभर घुटमळली. मग तिने पान उघडून वाचले:

'दाराची कडी गार पडली,
तुझ्या तळहाताची ऊब कुठे नेलीस?'

"ही तर बाबाच्या मयताला म्हटलेली," कुरैशी हळूच म्हणाला. "खाली काय लिहिलंय?"

"लेखकाच्या संग्रहातून."

"म्हणजे?"

"म्हणजे ती त्यांच्याकडची आहेत."

"त्याच्याकडची?" कुरैशी उठून उभा राहिला. "त्याचा कोण मेला होता?"

बाहेर ऊस लादलेली गाडी कुरकुरत गेली. त्याने आईकडे पाहिले.

"माझ्याकडं काय बघतोस? तोंड तुझं शिवलंय, माझं नाही. लिही गं पोरी. शफीका."

कुरैशीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो शाहिंदाच्या कागदावर वाकला.

"नुसतं शफीका? रस्त्यावर सापडली काय ती? शफीका अब्दुल-मौजूद हम्माम लिहा. बापाचं, आज्याचं, सगळं. आणि पुढं 'हज्जा' लावा."

"तळटीपेत पदव्या लावत नाहीत. माझ्या प्राध्यापकांचंही 'डॉक्टर' मी काढते."

"प्राध्यापकाचंही?" त्याने थोडा विचार केला. "मग असू दे."

शाहिंदाने तळटीप पुरी वाचून दाखवली: नाव, वय, गाव, तारीख. एखाद्या कवितेची शेवटची ओळ वाचावी तशी.

"चुकलं," हज्जा म्हणाली. "हे मी कुठं रचलंय? मी नबवियाकडून घेतलं. मयतांना आंघोळ घालायची ती. तिला वगळून मी एकटी बसू तिथं?"

शाहिंदाचा चेहरा असा उजळलेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव, आणि त्याने ज्याच्याकडून घेतले त्याचेही. हे तिला कुणी शिकवायला नको होते, पण या चुलीजवळ ते कुणीतरी तिच्याकडे मागत होते.

"नबवियाच्या वडिलांचं नाव?" तिने विचारले.

हज्जाला ते आठवेना. कुरैशीने पायात चपला सरकवल्या आणि तो गल्लीत गेला. समोर नबवियाचा नातू सब्री न्हावी एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. बाकांवर माणसे चहा पीत बसली होती.

"ए सब्री! तुझ्या आजीच्या, नबवियाच्या, बापाचं नाव काय रे?"

वस्तरा हवेतच थांबला.

"भर रस्त्यात माझ्या आजीचं नाव काढतोस? लाज विकून खाल्लीस काय?"

"पुस्तकात घालायचंय!" कुरैशी ओरडला. "माझ्या आईच्या आधी! आणि तिचं नाव शफीका आहे, माहीत नसेल तर ऐकून ठेव!"