चोचीच्या टोप्या

“भामे, त्या टोप्या काड भाएर! भटजी खोलंबलेत,” अंगणातून दादू ओरडला.

दादू म्हणजे भामाचा थोरला दीर. पनवेलच्या खाडीवरच्या कोळीवाड्यात त्याचा शब्द चाले, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्याच वर्षी काशीराम होडी घेऊन गेला, तो परतला नाही. आज बारा वर्षं भरली. आता त्याला मेला म्हणायचं आणि दर्भाचा पुतळा करून जाळायचा, अशी रीत. पुतळ्यावर त्याच्या अंगचं काहीतरी हवं. कपडे केव्हाच विरले होते. उरल्या होत्या भिंतीवरच्या चार टोप्या, पुढे चोच असलेल्या.

लढाईत काशीराम मुंबईच्या गोदीत हमाली करायचा. अमेरिकन खलाशी दांडक्याने चेंडू टोलवत, तेव्हा या टोप्या घालत. तो त्यांना शहाळी द्यायचा, टोपी मागायचा, आणि टोपीबरोबर तिची हकिगतही. भामाने एकेक हकिगत पाठ केली. पुढे बाजारात जुने कपडे विकणाऱ्याने तशीच एक टोपी फुकट देऊ केली, तर ही म्हणाली, “कोनाची ती सांग, मंग घेतंय.” त्याला सांगता येईना, हिने घेतली नाही. अशी हट्टी बाई!

ती टोप्या घेऊन बाहेर आली. पंच बसले होते. दादूची बायको रंभा भामाच्या बांगड्या फोडायला दगड घेऊन उभी होती. थोरल्या दिराशी तोंडावर बोलायचं नाही, म्हणून भामा भटजींकडे वळली.

“ही हेन्रीची. गावच्या संघाचं अक्षर हाय वर. हेन्री जिता असंल. जित्या मानसाची टोपी पुतल्याला घालून जालाल?”

“छे, छे! भलतंच!” भटजी दचकले.

“ही काल्या जॉनची. गोऱ्यांच्या पंगतीला त्याला बसू देत नव्हते, त्याच्या लोकांचा संघसुदा येगला. तोबी जिताच असंल. आनि ही पीटरच्या भावाची. तो लढाईत मेला, त्याचे दिस कवाच घातले.”

“चवथी कोनाची?” दादूने विचारलं.

भामा थबकली. एखादं परकं नाव सांगितलं असतं तर काम भागलं असतं. पण टोपीची खोटी हकिगत सांगणं तिच्या जिवावर आलं.

“त्यांची. गोदीभाएरच्या शिंप्याकडनं शिवून घेतलेली. अक्षराच्या जागी होडी हाय.”

“हीच पायजे,” म्हणत दादूने हात पुढे केला.

भामाने ती टोपी आपल्याच डोक्यावर चढवली. “आता घ्या म्हनावं, भटजी.”

दादूचा हात तिथेच थांबला. धाकट्या भावाच्या बायकोला थोरल्या दिराने बोट लावायचं नाही, तीही रीतच.

“रंभे, काड ती!” तो बायकोवर खेकसला.

रंभाने दगड खाली टाकला. “माज्यानं नाय व्हायाचं. तुमीच काडा.”

काशीराम येणार नाही, हे भामाला कुणी सांगायला नको होतं. पण आपला नवरा दिवस ठरवून पंचांनी मारावा, याची तिला चीड आली होती.

“मेला असंल, भटजी. मना ठावं हाय. पन ते मी सांगन तवा.”

शेवटी पुतळा बोडक्या डोक्यानेच जळला. धूर विरेपर्यंत भामा हातभर बांगड्यांनिशी उभी होती. टोपी तिला मोठी होत होती. चोच सारखी डोळ्यांवर यायची, आणि ती पुन्हा वर सारायची.