आखूड ओळ

नऊवारी नेसवण्यात सुलेखाचा हात धरणारी बाई अख्ख्या सिंगापुरात नव्हती. मंडळाचा गणपती असो की कुणाचं मंगळागौरीचं बोलावणं, बायका लुगडी हातात घेऊन तिच्यासमोर रांगेत उभ्या राहत. कुणाची निरी घसरत नसे, कासोटा सुटत नसे. घरी लेकीला नेसवायला घेतलं की मात्र ती जरा जास्तच आवळायची. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

"ममा, टू टाइट लाह!" किमया ओरडायची.

"जरा पोट आत घे. सैल राहिलं की ध्यान दिसतं."

आणि मग निऱ्या चापताना ती गुणगुणायची. ओव्या तिला तिच्या मावशीकडून आल्या होत्या, साताऱ्याकडच्या. काही मावशीच्या, काही हिनेच जुळवलेल्या.

*नऊ वार लुगडं, निऱ्या घालते चापून,*
*दर्यापारचं गोंदण कसं ठेवू मी झाकून.*

किमयाला ओवीचा अर्थ पुरता कळत नसे. पण लुगड्यात गुंडाळलं जाणं मात्र कळे. दर जुलैत शाळेत तो दिवस यायचा, सगळ्या जातीजमातींच्या सलोख्याचा. पोरंपोरी आपापल्या घरचा पोशाख घालून यायची, हॉलमध्ये ओळी लागायच्या, चिनी, मलय, इंडियन, आणि कुठेच न बसणाऱ्यांची 'अदर्स'. पहिलीपासून किमया इंडियन ओळीत. वर्ग बदलले, उंची वाढली, ओळ तीच.

नाव मात्र त्या ओळीतलं नव्हतं. किमया किस्पे. बाप एस्तेबान किस्पे, पेरू देशातल्या काय्याओ बंदराचा, जहाजावर चीफ इंजिनिअर. सुलेखा तेव्हा एका शिपिंग एजंटकडे हिशेब बघायची, त्याचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं. पुढचं ज्याचं त्याला ठाऊक. आता ती पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंट्समध्ये होती आणि नवरा वर्षातले निम्म्याहून जास्त महिने पाण्यावर. किमयाचे गाल रुंद, डोळे तिरपे, केस घोड्याच्या शेपटीसारखे सरळ. मंडळात बायका म्हणत, "गोड आहे गं, पण तुझ्यावर नाही गेली." सुलेखा हसायची. घरी आल्यावर मात्र लेकीच्या केसांना तेल चोळचोळून घट्ट वेणी घालायची.

यंदा किमया नववीत गेली आणि इतिहासाच्या तासाला बाईंनी जुन्या शहराचा नकाशा लावला. गोऱ्या साहेबानं आखलेला. इथे चिनी राहतील, इथे मलय, इथे तमिळ, हा तुकडा अरबांचा, आणि ही समुद्राकाठची हवेशीर जागा अर्थातच साहेबाची. बाई म्हणाल्या, "आता आपण सगळे एकाच ब्लॉकमध्ये राहतो. म्हणून हे विसरायचं नाही."

किमयानं हात वर केला. "मिस, माझं घर कुठे असतं?"

बाई चांगल्या होत्या. नकाशाकडे बघून खरंच विचारात पडल्या. तेवढ्यात मागून वेई जे ओरडला, "इन द सी लाह!"

वर्ग हसला. किमयाही हसली, कारण वेई जे तिचा मित्र होता आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण घरी येताना तो नकाशा ती मनात पुन्हा पुन्हा उलगडत राहिली.

त्याच शनिवारी दुपारी बापाचा व्हिडिओ कॉल आला. जहाज सिंगापूरलाच आलं होतं! क्वीन्सटाउनमधल्या त्यांच्या वरच्या मजल्याच्या फ्लॅटमधून, बंदराच्या क्रेनांपलीकडे, नांगरलेली जहाजं दिसत. त्यांतलंच एक.

"पापा, कुठलं? हात हलवा ना!"

"निळ्या पोटाचं, मिहा, माझ्या पोरी. हलवतोय. दिसतो का?"

दिसत कसला. त्याच्या जागी येणारा इंजिनिअर अजून पोचला नव्हता आणि तो येईपर्यंत ह्याला उतरायची परवानगी नव्हती. सोमवारी शाळेतल्या त्या सलोख्याच्या दिवसाला यायचं त्यानं कबूल केलं होतं. आता घर दिसेल एवढ्या अंतरावर तो अडकून पडला होता.

"मी नाही आलो तरी तू माझ्या आईची पोयेरा घाल," तो म्हणाला. "तुझ्या जन्माच्या वेळी पाठवली होती तिनं. लाल लोकरीची, काठाला हिरवी वेल."

"पोयेरा म्हणजे?"

"घागरा. हा एवढा घेर. आमच्या डोंगरातल्या बायका नेसतात."

किमयानं लगेच आईकडे पाहिलं. तिचा स्वतःचा पोशाख होता! घरातच होता! "ममा, कुठे ठेवलाय?"

सुलेखा पालेभाजी निवडत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, पण आता ती चांगली पानंसुद्धा देठांच्या ढिगात टाकत होती.

"ममा?"

"तुझ्या पलंगावर आहे," ती म्हणाली.

पलंगावर तर गोधडी होती. रोजची. एसी लावला की अंगावर ओढायची, लहानपणापासूनची, वरून आईच्या जुन्या सुती साड्यांची ठिगळं.

"आत आहे," सुलेखा म्हणाली. "अस्तराला. आमच्यात आजीचं वस्त्र नातीच्या पांघरुणात घालतात. दुपटं, गोधडी. आजीची ऊब लागते म्हणून. पार्सल आलं तेव्हा तू आठवड्याची होतीस. जुनं कापड, वापरून मऊ झालेलं. मला वाटलं, त्यासाठीच पाठवलंय सासूबाईंनी. दुसऱ्या कशासाठी पाठवतील?"

"तू कापलास?"

"घेर केवढा होता तो. कापल्याशिवाय कसा बसणार?"

फोनमध्ये एस्तेबाननं सगळं ऐकलं होतं. मागे इंजिनाची घरघर तेवढी येत होती. मग तो हळूच म्हणाला, "डोंगरातून काय्याओला आली ना आई, तेव्हा तीच नेसून आली होती. बसमध्ये ती बसली की शेजारची बाई उठून जायची. शाळेत मला डोंगरी म्हणून चिडवायचे. एक दिवस तिनं पोयेरा काढली, पेटीत घातली आणि बाजारातला फ्रॉक चढवला. परत कधी नेसली नाही. मेली ती फ्रॉकातच." पुढे म्हणाला, "तिला वाटलं असेल, नात तरी घालेल. तिकडे कोण हसणार आहे तिला."

किमया उठली, आत गेली, दार लावून घेतलं. पण जाणार कुठे? त्या खोलीत पलंग होता आणि पलंगावर गोधडी. एवढी वर्षं ती त्या घागऱ्याखाली झोपली होती. तापात कुडकुडली होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्यात तोंड खुपसून रडली होती. आणि तिला माहीतच नव्हतं.

जेवायला ती आली, पण ताटावर हात आडवा धरून बसली. सुलेखानं दोनदा वाढायचा प्रयत्न केला.

"आय डोन्ट वॉन्ट युअर नऊवारी," शेवटी ती म्हणाली. "मी अदर्समध्ये उभी राहणार."

"त्या ओळीत कोण आहे तुझं? एकटी दिसशील."

"आत्ता कोण आहे माझं? सगळे विचारतात, आर यू शुअर यू आर इंडियन? दर वर्षी!"

"मला नाही विचारत?" सुलेखाचा आवाज चढला. "मला दर गणपतीत विचारतात, तुमची ना ही? तुमचीच? म्हणून तर आवळून नेसवते गं, कुणी बोट दाखवू नये म्हणून—" आणि ती मध्येच थांबली. बसमधून उठून जाणारी ती बाई तिला आठवली की फ्रॉकासाठी पोयेरा पेटीत घालणारी सासू, कुणास ठाऊक.

रविवारी दुपारी किमयाला बाहेर कर्रकर्र आवाज आला. सुलेखा जमिनीवर बसली होती, पुढ्यात गोधडी, हातात छोटी कात्री. धावदोरा उसवत होती. तिनंच घातलेले टाके, बारीक, तांदळाच्या दाण्यासारखे. तोंडात ओवी.

*सासूबाईचा घागरा दर्यापारून आला,*
*माझ्या तान्हीच्या दुपट्याला अस्तर गं झाला.*

साड्यांची ठिगळं एकेक करून निघाली आणि खालून लाल उगवलं. रंग कुठेच उडाला नव्हता. त्याला ऊन लागलंच नव्हतं. काठाला हिरवी वेल, कापलेल्या ठिकाणी तुटलेली, पुन्हा जोडलेली, जोडताना पानाला पान न जुळलेली.

किमया खाली बसली. "परत घागरा होईल?"

"नाही. घेर गेला तो गेला." सुलेखानं वर पाहिलं नाही. "तुझ्या बापाला विचार, तिकडच्या बायका अंगावरून काय घेतात."

बापानं निळ्या पोटाच्या जहाजातून दाखवलं. अंगातला कामाचा डगला काढून पाठीवर घेतला, दोन टोकं छातीशी आणून गाठ मारायला लागला. गाठ काही त्याला जमेना. "आई पाठीवर मला असं बांधायची," तो म्हणत होता, "एक टोक खांद्यावरून, एक काखेतून..."

"सोडा, मला येते," सुलेखा म्हणाली.

मावशी शेतात जाताना तान्ही अशीच पाठीला बांधायची. सुलेखा स्वतः त्या गाठीत वाढली होती. तिनं किमयाला उभं केलं, लाल लोकर पाठीवर पसरली आणि छातीशी गाठ मारली. एकदाच. घट्ट.

सोमवारी सकाळी किमयानं मुकाट्यानं नऊवारी नेसून घेतली, कारण खाली काहीतरी हवंच होतं, आणि वरून आजी बांधून घेतली. जुलैचं ते दमट ऊन, डोंगरातली लोकर. बसमध्येच तिला घाम फुटला.

हॉलमध्ये जमिनीवर रंगीत टेप लावलेल्या. लाल, हिरवी, केशरी, तिन्ही लांबच लांब. कोपऱ्यात एक पांढरी, अदर्सची, टीचभर. तिच्यावर एक युरेशियन मुलगा खिशात हात घालून उभा होता.

"ओ, ब्यूटिफुल!" बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर खालून वर, वरून खाली गेली. "पण किमया, विच लाइन? वन ओन्ली, हां. लवकर."

केशरी ओळीतल्या मुलींनी सरकून तिला जागा केली होती. तिची दर वर्षीची जागा. वेई जेनं लाल ओळीतून अंगठा दाखवला. किमयाचे पाय लुगड्यात जेवढे सुटतात तेवढेच सुटत होते. छोटी छोटी पावलं टाकत, सगळा हॉल ओलांडून ती पांढऱ्या टेपवर जाऊन उभी राहिली. पोरगा थोडा सरकला. त्याच्या सरकण्यानं त्याचा एक पाय टेपबाहेर गेला.

मागे पालकांच्या खुर्च्यांत सुलेखाशेजारी मंडळातल्या अनघाताई होत्या. त्या कानाशी वाकल्या. "अगं, तुझी किमया चुकीच्या ओळीत उभी राहिली. सांग ना बाईंना."

सुलेखाच्या हातात फोन होता, पडद्यावर एस्तेबान, नेटवर्क तुटत तुटत. तिनं फोन आणखी उंच धरला.

"चुकीच्या नाही हो ताई," ती म्हणाली. "ओळच आखूड आहे."

भाषण सुरू झालं. मग राष्ट्रगीत, मग आणखी एक भाषण. किमयाच्या मानेवरून घामाचा ओघळ लोकरीत उतरला आणि लोकरीला जुना, ओल्या मेंढराचा वास सुटला. तिनं गाठ थोडी सैल करून पाहिली. सुटेना. आईनं ती पाठीवर लेकरू आहे असं समजून मारली होती. पाठीवर कुणी नव्हतं, तरी ती जरा पुढे वाकूनच उभी राहिली, कुणी पडू नये अशी.