सातवा जिन्नस

वलसाडच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा रमाकांत खडोलीच्या फॅक्टरीत, स्टोअरमध्ये बेअरिंग मोजत होता. निरोप घेऊन वॉचमन चिंधा आला, पण दारातच थांबला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली.

"ते राहू द्या आता, रमाकांतभाऊ," तो म्हणाला.

बायको, छाया, गेली हे रमाकांतला तिथेच कळलं. साल १९९२, नोव्हेंबरची बारा तारीख.

त्याच दिवशी पोस्टमनने सिल्वासातल्या घराच्या दाराखालून एक सरकारी लिफाफा सरकवला होता. तेरावा उरकल्यावर रमाकांतने तो उघडला.

छाया घरी केसांचं तेल करायची. आधी शेजारणींसाठी, मग दुकानांतून मागणी आली तशी चार बाया हाताखाली घेऊन. विकायचं तर लायसन्स हवं, असं औषध खात्याने कळवलं. अर्ज रमाकांतनेच भरला. माका, जास्वंद, कढीपत्ता अशी सहा नावं झाल्यावर छाया म्हणाली होती, "सातवं लिहू नका. ते माझं नाही." पण स्टोअरकीपरची खोड जाते कुठे! आलेला माल नोंदवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तिच्या नकळत त्याने सातव्या ओळीत 'रानातली साल' असं लिहून दिलं.

आता पत्रात नेमकं तेच विचारलं होतं. कुठल्या झाडाची साल? नाव आणि प्रमाण तीस तारखेच्या आत कळवा, नाहीतर अर्ज रद्द, विक्री बंद. मूलबाळ नव्हतं. छायाचं म्हणून मागे उरलं ते हे तेलच, आणि तेही त्याच्याच हाताने बंद पडायला आलं होतं.

ही साल रानातून आणायची सुरंगी गावची सरुबाई. रमाकांतने तिला विचारलं.

"नाव नाय सांगायची, भाऊ. नाव घेतला का गुण जातो. माझ्या आयशीनं मला नुसता झाड दावला."

"छायाला तरी सांगितलं होतंस?"

"तिनं कधी विचारलाच नाय."

रमाकांतचा आवाज चढला. "अगं, एक नाव सांगायला काय जातं तुझं? चार बायांचं काम जाईल!"

"माझा पण जाईल ना? मी काय तुझ्या वाइटावर हाय?"

तीस तारखेला इन्स्पेक्टर स्वतःच आला. चहा घेताना म्हणाला, "घरून बजावलंय, येताना एक बाटली आणा. आमची ही हेच लावते." हसला आणि लगेच गंभीर झाला. "म्हणूनच विचारतो. उद्या कुणाच्या डोक्याला फोड आले तर मी काय सांगू? रानातली साल?"

माणूस खोटं बोलत नव्हता.

"सातवं खोडा. सहाचंच करा. आत्ता सही करतो."

"करून पाहिलं, साहेब. बायांनी बोटाला लावलं नि 'हे ते तेल नव्हे' म्हणून ठेवून दिलं."

"मग सालीचा तुकडा द्या. कॉलेजातले एक सर ओळखीचे आहेत. चार दिवसांत नाव सांगतील."

सालीचा डबा रमाकांतच्या मांडीवर होता. आत तीनच तुकडे. दारात सरुबाई नवी साल पदरात बांधून उभी होती. साहेबाने हात पुढे केला. रमाकांतने झाकण काढलं.

"दे," सरुबाई म्हणाली. "तुझा घर, तुझा डबा. पण उद्यापासून माझी वाट बघू नको." आणि ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

दिला तर लायसन्स येईल आणि साल थांबेल. नाही दिला तर साल येईल आणि लायसन्स जाईल. रमाकांतने एक तुकडा उचलला. साहेबाचा हात तसाच पुढे होता. छाया म्हणाली होती, ते माझं नाही. तिचं नव्हतं, तर त्याचं कुठून झालं?

त्याने तुकडा आत टाकला आणि झाकण लावलं.

"हे माझं नाही, साहेब."

साहेबाने हात मागे घेतला. मग पेन काढून म्हणाला, "पंधरा दिवसांची मुदत लिहितो. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

"बाटली?" रमाकांतने विचारलं.

"लायसन्स आलं की नेईन."

तो गेल्यावर सरुबाईने पदर सोडून साल ओट्यावर ठेवली आणि बस धरायला निघाली.

खात्याच्या पत्रासोबत आलेला उत्तराचा फॉर्म टेबलावर आहे. सातव्या ओळीत झाडाचं नाव भरायचं राहिलं आहे.