निळ्या अक्षरांची बाटली

मी एक जुनी, काळी भुकटी आहे. पाण्यात बसलेली, जेमतेम चमचाभर. चार वाजता कचऱ्याची गाडी येईल आणि मला घेऊन जाईल. तेव्हा मित्रांनो, नमनाला घडाभर तेल न घालता सांगते.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या एका चंचुपात्रात झाला. लोखंडाच्या क्षारांच्या पाण्यात अमोनिया पडला आणि मी काळी होऊन तळाशी बसले. तिथे संशोधन करणाऱ्या ताईने माझ्या बारीक कणांवर कोळंबीच्या कवचापासून केलेला लेप चढवला आणि त्यावर दुधातली साखर तोडणारं एन्झाइम पक्कं बांधलं. मोकळं एन्झाइम दुधात गेलं की गेलंच, पुन्हा हाती लागत नाही. माझ्यावर बांधलेलं मात्र परत येतं. बाटलीला बाहेरून चुंबक लावलं की मी धावत काचेला चिकटते. ताई दूध ओतून घेते, मला धुते आणि पुन्हा कामाला लावते.

हा सगळा खटाटोप तिच्या भाचीसाठी. दूध प्यायली की ती पोट धरून रडायची. तीन वर्षांत माझ्या अकरा बहिणी बिघडल्या. कुणी वाळून गेली, कुणी गोठून गोळा झाली. मी तेवढी नऊ खेपा टिकले. "गुणाची गं माझी!" असं ताई मला म्हणाली होती, तेव्हा मी किती सुखावले होते! आज मोठ्या सरांसमोर दहावी खेप. ती जमली नाही, तर ताईचं काम बंद होणार.

घात केला तो तिच्याच मायेने. काल फोनवर भाचीशी बोलता बोलता तिने माझी बाटली स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसली. निळ्या शाईतलं माझं नाव बोळ्यावर गेलं, ते तिला कळलंच नाही. आमच्याकडे नियम कडक आहे, नाव नसलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. सकाळी साफसफाईच्या काकांनी मला उचलून कोळशाच्या भुकटीच्या जुन्या बाटल्यांसोबत टाकायच्या ट्रेमध्ये ठेवलं. त्यांचं तरी काय चुकलं? दिसायला आम्ही सारख्याच.

आता पावणेचार झालेत. ताईने तिन्ही फ्रिज उपसलेत.

"काका, निळ्या अक्षरांची बाटली पाहिलीत का हो?"

"नाही बुवा. इथे नुसता कोळसा आहे, ताई."

तिने मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं, "हो, कोळसाच," म्हणाली आणि खाली ठेवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मित्रांनो, मला तोंड नाही आणि आता अंगावर नावही नाही. चुंबक जवळ आलं की मी हलते आणि कोळसा हलत नाही, एवढीच माझी ओळख. म्हणून कळवळून सांगते, कुणालाही टाकून देण्याआधी नुसतं नाव शोधू नका. त्याला काय येतं, ते एकदा बघा.

ताई पुन्हा ट्रेवर वाकली आहे, मागचं कपाट उघडायला. तिच्या ॲप्रनच्या खिशात ते चुंबक आहे. खिसा माझ्या काचेला टेकला आणि मी होती नव्हती तेवढी सगळी त्या बाजूला धावले, घट्ट चिकटून उभी राहिले. ताई, खाली बघ ना गं!

ती कपाटात बघते आहे. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.