वाऱ्याचा रुमाल

मी माईक बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, जन्मभर दुसऱ्याचंच बोललो. आज माझं सांगतो. आधीच बजावतो, टिचक्या मारू नका आणि तोंडात फुंकू नका. मी हातात आलो की माणसाला पहिलं तेच सुचतं. शिवाय 'दोनच शब्द बोलतो' म्हणणाऱ्यानं दोन शब्दांत आटोपलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मला सोलापूरहून उमरग्याच्या कल्याणप्पानं आणलं. हमरस्त्यालगत त्याचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, भजन, जत्रा, पुढाऱ्याची सभा, जिथं ओरडायचं असेल तिथं मी. पण कल्याणप्पाचा कान तयार होता. कर्णा जरा किरकिरला तरी माणूस जेवणावरून उठायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि लग्नकार्यं थांबली. मी पेटीत पडून राहिलो. एके दिवशी पाझर तलावाच्या कामावर कुणा साहेबाचं भाषण होतं म्हणून मला नेलं. धीर धरा, असं सांगून साहेब जीपमधून निघून गेले. कल्याणप्पा वायर गुंडाळत होता, तेवढ्यात खडी फोडणाऱ्या बायांतून एक आवाज आला. गाणं म्हणावं तर चाल नाही, बोलणं म्हणावं तर शब्द न् शब्द हातोड्याच्या ठोक्यावर पडतोय.

'सुकडीचं पोतं आलं भरून,
निम्मं गेलं मागच्या दारून.
मुकादम म्हणी, उंदरानं खाल्लं;
उंदराला धोतर कुणी गं दिल्लं?'

मजुरांना वाटायची सरकारी सुकडी अशी उंदरांच्या नावावर जायची. बाया हसून हसून बेजार झाल्या. मुकादम तोंड फिरवून उभा राहिला. म्हणणारी होती मथुराबाई, दगडोबाची बायको, बौद्ध वस्तीतली. हाताला फोड आलेले, पण तोंड कुणाच्या बापाला भ्यायचं नाही.

कल्याणप्पा मला घेऊन धावतच तिच्याकडं गेला. परत म्हणा, बाई, म्हणाला. आणि मला तिच्यापुढं धरण्याआधी त्यानं खिशातून एक रुमाल काढला, माझ्या तोंडाला गुंडाळला. तिनं विचारलं, हे कशाला? वाऱ्याची फुरफुर येती, म्हणाला. त्या सालात झाडाला पान नव्हतं, वारं कसलं घेऊन बसलात!

तिथून दोघांची जोडी जमली. ती शब्द टाकायची, तो तेलाचा डबा पालथा घालून ठेका धरायचा. ती दम कुठं घेणार हे तिच्याआधी त्याला कळायचं, आणि नेमकं तिथं तो डबा असा वाजवायचा की लोक माना डोलवायचे. गावोगाव बोलावणी येऊ लागली. मुकादम, सोसायटीचा चेअरमन, खताच्या पोत्यात माती मिसळणारा, तिनं कुणाला सोडलं नाही. लोक म्हणायचे, मथुरा-कल्याण आले, आता कुणाची तरी चंपी होणार. कुठं तिला मंचावर चढू देईनात, तर कल्याणप्पा वायर काढून घ्यायचा. बाई न्हाय तर मी बी न्हाय, म्हणायचा. खोटं कशाला बोलू, ते मी माझ्या कानानं ऐकलंय.

पुढं त्यानं टेप घेतला. दुकानामागच्या खोलीत, दार लावून, भिंतींना गोधड्या टांगून तो तिचा आवाज भरायचा. तिथंही रुमाल.

आता मला जे ठाऊक होतं ते सांगून टाकतो. मी देवळांतही जायचो. पहिल्याच वर्षी एका पुजाऱ्यानं हटकलं होतं, की हा माईक कुणाकुणाच्या तोंडाला लागतो? तेव्हा कल्याणप्पानं हात जोडून सांगितलं होतं, की बाईचा रुमाल वेगळा आहे, माईकला तिची थुंकी लागत नाही. पुढं जो कुणी विचारील त्याला तो हेच सांगायचा. तो रुमाल दुकानातही वेगळ्या खुंटीला असायचा. मथुराबाई मात्र त्याला अण्णा म्हणायची, आणि रुमाल मळला की घरी नेऊन धुऊन आणायची. माझा जीव तुटायचा, पण माझा आवाज माझा नव्हता.

ऐंशीनंतरची गोष्ट. सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू करताना उसाची पहिली मोळी टाकायचा दिवस होता. मांडवात हजारो माणसं. मथुरा-कल्याणचा कार्यक्रम ठेवलेला, आणि सोलापूरचा एक कॅसेटवाला खास तिला ऐकायला आलेला. तिचा आवाज तिच्या नावानं घरोघर जाणार होता. एवढंच तिला हवं होतं, दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही.

आधी संचालक आबारावांचं भाषण. नेमकं वारं सुटलं. मांडव फडफडायला लागला, माझ्यातून फुरफुर फुरफुर, आबारावांचं एक अक्षर कुणाला कळेना. कल्याणप्पा खाली मशिनशी झटापट करत होता. मथुराबाईला वाटलं, अण्णा गडबडीत रुमाल विसरला. बिचारी लगबगीनं वर गेली आणि धुतलेला रुमाल माझ्यावर घालू लागली.

आबाराव गर्रकन मागं सरले. "अरे कल्याणप्पा, हा त्या बाईचा रुमाल ना? तिचा वेगळा ठेवतो म्हणला होतास, अन् माझ्या तोंडाला लावतोस व्हय?"

मी चालू होतो. हे सगळं कर्ण्यांतून अख्ख्या मांडवानं ऐकलं.

मथुराबाईनं रुमाल काढून घेतला. मग मंचावरून खाली कल्याणप्पाकडं बघून म्हणाली, "अण्णा, बंद खोलीत कुठलं वारं होतं?"

कल्याणप्पा वायर चाचपत म्हणाला, "धंदा हाय, बाई. याला देवळातबी न्यावं लागतंय."

थू असल्या धंद्यावर! मी हे म्हणू शकलो नाही, तिनंही म्हटलं नाही. ती मंचावरून उतरली आणि ऊसतोड्यांच्या बायांत जाऊन माझ्याविनाच म्हणायला लागली. कल्याणप्पानं सवयीनं डबा ओढला, ठेका धरला. तिनं चाल बदलली. त्यानं पुन्हा धरला, तिनं पुन्हा बदलली. शेवटी त्यानं डबा बाजूला ठेवला.

कॅसेट निघाली. निघायची थांबते होय? शब्द सगळे तिचे, आवाज शहरातल्या कुणा गोड गळ्याच्या बाईचा. उंदीर होता, धोतर होतं, फक्त धार नव्हती. कव्हरवर 'संगीत: कल्याणप्पा' असं ठळक छापलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'शब्द: पारंपरिक'. खडी फोडणारी बाई जिवंत आहे, अन् तिचे शब्द म्हणे पारंपरिक!

मध्यंतरी ती बाजाराला आली होती. दुकानात तीच कॅसेट लागलेली. कल्याणप्पाचे केस पिकलेत आता. तिला पाहून त्यानं टेप बंद केला, मला चालू केलं, पुसलंही नाही आणि झाकलंही नाही, तसंच तिच्यापुढं ठेवलं. "म्हणा, बाई. रुमाल न्हाय आता. पुन्हा भरू, तुमच्या नावानं भरू."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"आता कशाला, अण्णा? म्या तर पारंपरिक झाले की."

दुकानावरच्या कर्ण्यातून ते भर बाजारात गेलं. भाजीवाल्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा तागडी उचलली. ती पिशवी घेऊन निघून गेली.

आता मला कुणी नेत नाही. नवे माईक आलेत, मी फळीवर धूळ खातो. माझं काही म्हणणं नाही. पण ती कॅसेट अजून लग्नांत वाजते. तुमच्या कानावर पडली तर तिचं नाव मोठ्यानं घ्या. मथुराबाई दगडोबा सोनकांबळे. त्याला माईक लागत नाही.