महालक्ष्मीचं पोट

मी गोदाबाईच्या घरची ज्येष्ठा बोलतेय. भादव्यात महालक्ष्म्या म्हणून ज्या दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात, त्यांतली थोरली.

माझा जन्म अकोल्याजवळ, मोर्णेच्या काठी. मैनाबाई कुंभारणीनं नदीच्या गाळाचा माझा मुखवटा केला. नाक जरा बसकं झालं, तर म्हणाली, "राहू द्या, आपल्यातलीच दिसते." आमच्या पुऱ्यातल्या, वस्तीतल्या बायांनी माझ्या लुगड्याचं सूत कातलं. गोदाबाईनं चिंध्या भरून माझे हात शिवले, धाकटीचे तिच्या सुनेनं, जमुनानं. पोटाच्या जागी मातीची कोठी. ती घरधन्यानं ज्वारीनं भरायची, वरून पुऱ्यातल्या प्रत्येकीनं पसाभर घालायची, आणि तीन दिवस तिला कोणी हात लावायचा नाही. मग त्याच ज्वारीची आंबील सगळ्यांनी खायची, अशी रीत.

पुढं सातासमुद्रापार कुठंशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसं हुरळली. गोदाबाईचे मालक नत्थुजी बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावून मोकळे झाले. मला विलायती छिटाचं लुगडं आलं, बैलांच्या शिंगांना चांदी चढली. धान्याचं पेव मात्र तळाला गेलं.

तिसऱ्या वर्षी नत्थुजींनी दार लावून कोठी भरली. तळापासून सरकी, वर चार बोटं ज्वारी; बायांच्या पशाला जागाच ठेवली नाही. पेव रिकामं झाल्याचं पुऱ्याला कळलं तर मान खाली जाईल, एवढीच त्यांना भीती.

"भरली का हो?" गोदाबाईनं विचारलं.

"काठोकाठ."

तिनं विश्वास ठेवला, आणि मडक्यातलं शेवटचं पीठ माझ्या नैवेद्याला, सवाष्णींच्या पानाला काढलं. जमुना महिन्याची बाळंतीण होती. गाय भाकड होती.

"आत्याबाई, मले एक भाकर द्या ना. अंगावर दूध नाही. पोरगी रडून राहिली."

"देवीचं हाय ते, पोरी. परवा महालक्ष्मीचं पोट उघडलं का पोटभर खाजो."

जमुना पाणी पिऊन निजली. मी सगळं ऐकत उभी होते, पोटात ढोरांचं खाणं घेऊन.

तिसऱ्या दिवशी कोठी सुपात उपडी केली. आधी ज्वारी पडली, मग सरकी, आणि पुढं सरकीच.

"हे काय व्हय?" गोदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"लोकं काय म्हनले असते?" नत्थुजी पुटपुटले, आणि तसेच गाडी जुंपून धान्याला अकोल्याला निघाले. पाऊस लागलेला. काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतली. इकडे त्या मूठभर ज्वारीची पेज जमुनाला पाजली, पण दूध उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी सांजेला पोतं घरी आलं, तेव्हा तान्ह्या पोरीला पुरून आले होते.

गोदाबाई माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुले तं ठाव होतं. तू कावून नाही बोलली?"

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गोदाबाई गेली. मी माळ्यावरच्या टोपलीत असते. छिटाला उंदरांनी भोकं पाडलीत. जमुना दरवर्षी रीतीप्रमाणे मला बसवते, हळदकुंकू वाहते, पण माझ्या तोंडाकडे पाहत नाही. तिचं काही चुकत नाही.

बायांनो, मला बसवाल तेव्हा आधी चुलीपाशी बघा. घरात बाळंतीण उपाशी असेल, तर माझ्यापुढचं पान उचला आणि तिला वाढा. मी रागावणार नाही. मी तेव्हाही रागावले नसते.